डिग्री नसलेला समुपदेशक खरंच डिप्रेशन बरं करू शकतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये गेल्या वीसेक वर्षांत मानसिक आरोग्यावर जे संशोधन झालं, त्याबद्दल मी कुठेही बोलले की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. कधी हॉलमध्ये हात वर होतो, कधी कार्यक्रम संपल्यावर चपला घालता घालता कुणी हळूच विचारतं. चपलांपाशी येणारे प्रश्न जास्त खरे असतात. त्यातले बरेचसे इथे घेतले आहेत.

हे नेमकं कसलं संशोधन?

प्रश्न साधा होता. मानसोपचारतज्ज्ञ मुळात इतके कमी असताना डिप्रेशनवरचा बोलण्याचा उपचार गावातल्याच एखाद्या माणसाला शिकवता येईल का? आणि आला, तर पेशंट खरंच बरे होतात का, हे औषधाची चाचणी घेतात तितक्याच काटेकोरपणे मोजता येईल का?

भारतात दर लाख लोकसंख्येमागे पुरता एक मानसोपचारतज्ज्ञही येत नाही, आणि जे आहेत ते शहरांत. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळलं की डिप्रेशन, चिंताविकार यांसारखे नेहमीचे मानसिक आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना काहीच उपचार मिळत नाहीत. तज्ज्ञ तयार होण्याची वाट बघत बसायचं, तर एक-दोन पिढ्या त्यातच जातील.

मग गोव्यातच का?

कारण माणसं तिथे होती. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात 'संगाथ' ही संस्था सुरू केली. नाव कोकणी आहे, अर्थ सोबत. आपल्या 'सांगाती'चंच भावंड. त्याआधी पटेल काही वर्षं झिंबाब्वेत, हरारेच्या दवाखान्यांत काम करत होते. तो धागा पुढे येईलच.

डिग्री नसताना उपचार करायचे, म्हणजे बोगस डॉक्टरच की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, बहुतेक वेळा डॉक्टरांकडूनच. मला तो रास्त वाटतो.

बोगस डॉक्टर स्वतःच ठरवतो की तुम्हाला काय झालंय, स्वतःच औषध देतो, आणि त्याच्यावर नजर ठेवणारं कुणी नसतं. इथे तिन्ही गोष्टी उलट आहेत. पेशंटला त्रास आहे का, हे ठरलेल्या प्रश्नावलीने तपासलं जातं. समुपदेशक गोळ्या देत नाही. एकच ठरावीक उपचार, लिहून ठेवलेल्या पुस्तिकेप्रमाणे, ठरलेल्या भेटींत देतो. आणि त्याचं काम दर आठवड्याला तपासलं जातं.

ही तपासणी कशी होत असे, ते सांगण्यासारखं आहे. पेशंटच्या परवानगीने भेटीचं रेकॉर्डिंग करायचं. आठवड्याच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर लावायचं. बाकीचे समुपदेशक कान देऊन ऐकणार आणि प्रत्येक गोष्टीला गुण देणार. नीट ऐकून घेतलं का? मध्येच उपदेश झाला का? गृहपाठ ठरला का? तुमचाच आवाज, तुमचीच चूक, आणि समोर सहकारी. सुरुवातीला तज्ज्ञही याच रेकॉर्डिंगना वेगळे गुण देत. पुढे दिसलं की समुपदेशकांनी एकमेकांना दिलेले गुण आणि तज्ज्ञांचे गुण बऱ्यापैकी जुळतात. किती डिग्रीधारक आपलं काम असं उघडं करून दाखवतील, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पहिल्या मोठ्या प्रयोगात काय निघालं?

त्याचं नाव 'मानस', म्हणजे मनशांती सुधार शोध. निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. २४ दवाखाने घेतले होते, १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टरांचे. निम्म्या ठिकाणी साधारण २ महिने प्रशिक्षण दिलेली स्थानिक समुपदेशक बसवली. गरजेप्रमाणे डॉक्टरांच्या गोळ्या, आणि गुंतागुंतीच्या पेशंटसाठी मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला, अशी पायऱ्यांची रचना होती.

सरकारी केंद्रांत, जिथे समुपदेशक होती तिथले सुमारे ६६ टक्के पेशंट ६ महिन्यांनी बरे झालेले होते. जिथे नव्हती तिथे ४२ टक्के. मोठाच फरक.

खासगी दवाखान्यांत मात्र फरक शून्य. दोन्हीकडे साधारण ६५ टक्के. लोक हा भाग सांगताना गाळतात, मला तर तोच जास्त बोलका वाटतो. खासगीत समुपदेशक अपयशी ठरली असं त्याचं वाचन होत नाही, कारण तिथे तिच्याविनाच तेवढे लोक बरे होत होते. का? एक अंदाज असा की घरच्या डॉक्टरकडे पेशंट वर्षानुवर्षं जातो, डॉक्टर त्याला नावाने ओळखतो, दोन मिनिटं जास्त बोलतो. सरकारी ओपीडीच्या रांगेत यातलं काहीच होत नाही.

आणि 'हॅप' म्हणजे काय?

'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम'. नावात डिप्रेशन, मन, आजार यांतला एकही शब्द नाही, आणि ते मुद्दाम केलंय. हा 'मानस'च्या पुढचा टप्पा. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'च्या २०१७ च्या अंकात आले. १० सरकारी आरोग्य केंद्रांतले जवळपास ५०० पेशंट, सगळ्यांचं डिप्रेशन बऱ्यापैकी तीव्र, बहुसंख्य स्त्रिया. आठवड्याला एक अशा ६ ते ८ भेटी, प्रत्येक ३०-४० मिनिटांची, केंद्रात किंवा पेशंटच्या घरी.

गाभ्यात जो विचार आहे, त्याला मानसशास्त्रात वर्तन-सक्रियता म्हणतात. माणूस खचला की करायच्या गोष्टी एकेक करून सोडतो. आधी देवळात जाणं सुटतं, मग शेजारी बसणं, मग केस विंचरणं. गोष्टी सुटल्या की त्यांतून मिळणारं थोडंथोडकं समाधानही सुटतं, आणि मन आणखी खचतं. हे चक्र विचारांच्या बाजूने तोडायला अवघड जातं. कृतीच्या बाजूने तोडणं त्या मानाने सोपं. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४० पेशंटच्या एका चाचणीत नवख्या कर्मचाऱ्यांनी दिलेला हा साधा उपचार आणि अनुभवी थेरपिस्टनी दिलेली सीबीटी, म्हणजे विचारांच्या सवयी बदलण्यावरही भर देणारी नावाजलेली थेरपी, यांची तुलना झाली. साधा उपचार कमी पडला नाही, आणि स्वस्तही पडला.

एका भेटीत प्रत्यक्ष काय होतं?

एक नमुना सांगते. माणसं काल्पनिक आहेत, पद्धत खरी.

"काल दिवसभरात काय काय केलंत, काकी?"

"काय करणार? काही नाही."

"उठलात किती वाजता?"

"सहाला. झोप कुठे लागते."

"मग?"

"चहा केला. पडून राहिले. दुपारी जेवले थोडं." मग जरा थांबून, "अबोलीला पाणी घातलं."

"तेव्हा कसं वाटत होतं? शून्य ते दहात सांगा."

"तीन. नाही, चार. शेजारची वहिनी आली होती फुलं मागायला. बोललो उभ्या उभ्या."

"आणि पडून होतात तेव्हा?"

"तेव्हा एकच."

बस. समुपदेशकाला हवं होतं ते सापडलं. पुढच्या आठवड्याचा गृहपाठ 'आनंदी राहा' असा मोघम नसतो. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचला अबोली काढायची, गजरा करायचा, वहिनीकडे न्यायचा, आणि त्या वेळचा आकडा तक्त्यात मांडायचा. मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "काय आडवं येईल?" काकी म्हणतात गुडघा दुखतो, पायऱ्या चढवत नाहीत. ठीक, मग वहिनीनेच यायचं, तिला आजच सांगून ठेवायचं. तक्ता लिहिता येत नसेल तर चित्रं किंवा खुणा.

पुढच्या मंगळवारी गजरा झाला नसेल, तर रागवायचं नाही. का झाला नाही याचा शोध घ्यायचा. काकी कुठे अडल्या हे त्यातच कळतं.

'मन रमव, बाहेर पड' हे आमची आजीही सांगायची. त्यात नवीन काय?

आजीचा सल्ला बरोबरच होता. तिची पद्धत मात्र डिप्रेशन असलेल्या माणसावर बहुधा उलटते. 'घरात सगळं आहे, कसलं एवढं टेन्शन घेतेस?' हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी कुणाला तरी म्हटलेलं असतं. ऐकणाऱ्याला त्यातून एकच कळतं, की दोष माझाच. आजी एकदा सांगून स्वयंपाकघरात निघून जाते. समुपदेशक आठ वेळा परत येतो, मागच्या वेळी काय ठरलं होतं हे वहीत बघतो, आणि छोटी गोष्ट आणखी छोटी करून देतो.

किती जण बरे झाले?

तीन महिन्यांनी हॅप मिळालेल्यांतले ६४ टक्के लोक डिप्रेशनच्या रेषेखाली आले होते. ज्यांना नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के. त्यांनाही वाऱ्यावर सोडलं नव्हतं. डॉक्टरांना त्यांच्या तपासणीचा निकाल कळवला होता आणि उपचारांची मार्गदर्शक सूत्रं दिली होती.

या ३९ कडे नीट बघा. दहातले चार जण या समुपदेशनाशिवायच सुधारले. डिप्रेशन बऱ्याचदा आपोआप उतरतं. म्हणूनच 'माझ्याकडे आलेले निम्मे बरे होतात' असं सांगणाऱ्या कुठल्याही बाबाचा, ॲपचा किंवा शिबिराचा दावा तुलनेशिवाय कवडीमोलाचा. हॅपचं श्रेय मधल्या २५ टक्क्यांचं, म्हणजे उपचार घेतलेल्या दर ४ जणांमागे १ जण जास्तीचा बरा झाला. वैद्यकशास्त्रात हा आकडा उत्तम समजतात.

शिवाय कामाचे बुडालेले दिवस कमी झाले, आत्महत्येचे विचार कमी झाले, आणि नवऱ्याच्या मारहाणीच्या स्त्रियांनी सांगितलेल्या तक्रारीही कमी झाल्या. हे शेवटचं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा वाचलं.

परिणाम टिकतो का, की चार दिवसांचं कौतुक?

वर्षाने पुन्हा मोजलं तेव्हा ६३ विरुद्ध ४८ टक्के. हॅपवाले जिथे होते तिथेच टिकले, दुसरा गट हळूहळू वर आला, त्यामुळे अंतर कमी झालं.

पुढे अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने हॅप आणि बाळंतपणाच्या काळातल्या डिप्रेशनवरचा अशाच धर्तीचा आणखी एक प्रयोग, या दोन्हींतल्या लोकांना ४-५ वर्षांनी गाठलं. उपचार मिळालेल्यांत डिप्रेशनचं प्रमाण तेव्हाही ११ टक्के अंकांनी कमी होतं. दोन्हींतल्या जास्त प्रभावी उपचाराचा खर्च माणशी ६६ डॉलर. सहा-आठ भेटींचा परिणाम इतका लांब टिकावा, याची मला तरी अपेक्षा नव्हती.

गरिबी हटवा, डिप्रेशन आपोआप जाईल. समुपदेशन म्हणजे मलमपट्टी नाही का?

हा प्रश्न बहुधा चळवळीतली मंडळी विचारतात, आणि त्यांचं अर्धं बरोबर आहे. हाती पैसे आले की मन सुधारतं, असं रोख मदतीच्या अभ्यासांत दिसलंय. उलट दिशेनेही नातं आहे: खचलेला माणूस कामाला लागू शकत नाही आणि आणखी गरीब होतो.

पण वर सांगितलेल्या ४-५ वर्षांनंतरच्या अभ्यासात एक कडू गोष्टही निघाली. लोकांचं मन सुधारलं, स्वतःला नालायक समजणं कमी झालं, पण रोजगार वाढला नाही की घरखर्चाची ऐपत वाढली नाही. सहभागी बहुतेक स्त्रिया होत्या. बाहेर जाऊन काम करायला मन तयार असलं तरी घर, पोरं, परवानगी आणि मुळात नोकऱ्या, हे सगळं होतं तिथेच होतं. समुपदेशनाने शेतीमालाला भाव मिळत नाही. तसं कुणी सांगत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

पेशंट तर डोकं दुखतं म्हणून येतो. त्याला डिप्रेशन आहे हे कळतं कसं?

खरंय, 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत आरोग्य केंद्रात कुणी येत नाही. अंग मोडून येतं, डोकं जड, घशाशी येतं, झोप नाही, छातीत धडधड, हातापायाची आग.

माझ्या मावशीचंच उदाहरण. काका गेल्यावर चारेक महिन्यांनी तिचा अशक्तपणा सुरू झाला. तालुक्याच्या गावच्या एका दवाखान्यात तिला वर्षभरात सहा-सात वेळा सलाईन लावलं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली. सलाईन लावलेल्या दिवशी तिला खरंच बरं वाटायचं, कारण त्या दिवशी मुलगा कामावरून सुट्टी काढून दोन तास उशाशी बसायचा! काका गेल्यापासून कसं चाललंय, हे मात्र तिला तिथे कुणीही विचारलं नाही.

गोव्यात म्हणूनच केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाची छोट्या प्रश्नावलीने चाळणी करत. आणि बोलताना 'मानसिक आजार' म्हणायचं टाळून 'टेन्शन' म्हणायचे. हा शब्द आपल्याला जितका इंग्रजी वाटतो तितका तो राहिलेला नाही. शेतावरची बाईही तो वापरते, आणि त्यात वेडाचा वास नाही.

ती प्रश्नावली कोणती? घरी भरली तर चालेल का?

पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल: कामात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा बेचैनी, आणि मरणाचे विचार. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारणपणे १० किंवा त्याच्या वर गेलं की लक्ष द्यावं. हॅपमध्ये १५ किंवा अधिक गुण असलेल्यांनाच घेतलं होतं.

घरी भरायला हरकत नाही, पण तो थर्मामीटर आहे. ताप आहे एवढंच सांगेल, मलेरिया की टायफॉइड हे सांगणार नाही. आणि नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय दुसरं उत्तर आलं, तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

नवरा पितो. त्याच्यासाठी असं काही आहे का?

आहे. गोव्यातच त्याच सुमारास दारूवरच्या समुपदेशनाची चाचणी झाली, ३७७ पुरुषांवर. त्यांचं पिणं घातक पातळीवर होतं, पण ते पूर्ण आहारी गेलेले नव्हते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले ३६ टक्के सुरक्षित पातळीवर आले, दुसऱ्या गटात २६. आधीच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८. जे पीत राहिले त्यांचं प्रमाण मात्र कमी झालं नाही.

सकाळी उठल्या उठल्या लागते, नाही मिळाली की हात थरथरतात, अशा माणसासाठी हे नव्हे. त्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. त्याला डॉक्टरकडेच न्यायचं.

महाराष्ट्रात कुठे झालंय का?

झालंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांची पार्श्वभूमी सांगायला नकोच. तिथे दवाखान्यात पेशंटची वाट बघत न बसता गावात बैठका घेतल्या, डिप्रेशन म्हणजे काय हे आधी लोकांच्या भाषेत मांडलं, मग समुपदेशन. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: डिप्रेशन असलेल्यांपैकी कुठलीतरी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ टक्के झाले. एक पथ्य पाळून हा आकडा वाचा. इथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्याच गावांची आधीची आणि नंतरची पाहणी होती.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाशी संलग्न केंद्राने 'आत्मीयता' हा कार्यक्रम ४१ गावांत सुरू केला. गावातलीच स्वयंसेवक मंडळी आधार द्यायची, आणि पेन्शन, विधवा योजना, रोजगार हमी यांची कामंही मार्गी लावून द्यायची. पुढे हाच कार्यक्रम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेला आणि तिथे रीतसर चाचणीही झाली. मला ही जोड फार शहाणपणाची वाटते. रेशन कार्डावरून रडकुंडीला आलेल्या बाईला श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार?

जगात इतरत्र?

हरारेचा धागा इथे जुळतो. झिंबाब्वेचे मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांची एक तरुण पेशंट दवाखान्यापर्यंत पोहोचू शकली नाही, कारण बसभाड्याला पैसे नव्हते. तिने आत्महत्या केली. त्यानंतर २००६ मध्ये चिबांडांनी आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्यांच्या आवारात बाकांवर बसवलं. आधी नाव 'मानसिक आरोग्य बाक' होतं, तेव्हा कुणी फिरकेना. आज्यांनीच ते बदलायला लावलं. 'मैत्रीचा बाक' झाल्यावर माणसं येऊन बसू लागली. तिथल्या शोना भाषेत या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपण 'डोक्यात विचारांचं चक्र सुरू आहे' म्हणतो ना, तेच. २०१६ मध्ये ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि फरक ठळक होता. पेशंट तपासण्यासाठी तिथे वापरलेली प्रश्नावली पटेल आणि सहकाऱ्यांनीच नव्वदच्या दशकात हरारेत तयार केलेली.

पाकिस्तानात रावळपिंडीजवळ गावोगावच्या 'लेडी हेल्थ वर्कर' बायकांनी गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांना अशीच मदत केली. सहा महिन्यांनी त्यांच्यातल्या २३ टक्क्यांना डिप्रेशन होतं, दुसऱ्या गटात ५३ टक्क्यांना.

शाळांमध्ये शिक्षकांनाच का शिकवत नाही?

करून पाहिलं. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत एकच कार्यक्रम काही ठिकाणी शिक्षकांनी, काही ठिकाणी बाहेरून नेमलेल्या समुपदेशकांनी राबवला. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांचं डिप्रेशनही कमी झालं. शिक्षकांच्या शाळांत काहीच नाही. निवडणूक, जनगणना, खिचडी आणि वर्ग सांभाळून उरलेल्या वेळात मन सांभाळायचं म्हटलं की असंच होणार.

मग हे आशाताईंच्याच गळ्यात घालणार ना?

भीती अगदी बरोबर आहे. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात आशांना हॅप शिकवण्याचे प्रयोग झाले, मोबाइलवरच्या प्रशिक्षणातूनही. त्या शिकू शकतात, यात शंका नाही. माझा आक्षेप शिकण्यावर नाहीच. योजना कागदावर येते तेव्हा प्रशिक्षणाचे तीन आठवडे तीन दिवसांवर येतात, आणि दर आठवड्याची ती रेकॉर्डिंग ऐकायची बैठक 'अनावश्यक खर्च' म्हणून पहिल्यांदा कापली जाते. चाचणीत सिद्ध झालेला उपचार त्या बैठकीसकट होता. बैठक काढून टाकलीत तर जे उरतं ते कुणीच तपासलेलं नाही. मानधन न वाढवता काम वाढवणं हा आणखी वेगळा अन्याय.

गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. गुप्तता कशी राहणार?

सोपं उत्तर नाही. समुपदेशक शक्यतो शेजारच्या वस्तीतला असावा, घरी जायचं की केंद्रात भेटायचं हे पेशंटने ठरवावं, आणि वहीवर नाव नसावं. काही बायका म्हणतात घरी नको, सासू ऐकते. काही म्हणतात केंद्रात नको, गाव बघतं.

गोळ्या चालू आहेत. बंद करू का?

नाही. ज्या डॉक्टरने सुरू केल्या त्याला विचारल्याशिवाय अजिबात नाही. एकदम सोडल्या की चक्कर, बेचैनी, झोपेचं खोबरं होतं, आणि आजार उलटू शकतो. समुपदेशन आणि गोळ्या सोबत चालतात.

हा उपचार कुणाला पुरत नाही?

भास होतात, कुणीतरी मागे लागलंय असं ठाम वाटतं, झोपेची गरजच न वाटता माणूस दिवसचे दिवस धावतो आणि पैसे उधळतो, खाणंपिणं पूर्ण सुटलंय, किंवा मरणाची तयारी चाललीय, अशांना मानसोपचारतज्ज्ञच हवा. आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा असं धरून चालतो की तो माणूस तीव्र तणावाखाली होता, आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

आत्ता, या क्षणी कुणाशी बोलायचं असेल तर?

टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारची मोफत सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास. मराठीत बोलता येतं. आवाज बसलेला असेल, रडू येत असेल, तरी लावा.

त्या मावशीचं पुढे काय झालं?

हे विचारणारे बरेच असतात. तिला हॅप वगैरे काही मिळालं नाही, आमच्याकडे ते नव्हतंच. चुलतभावाच्या आग्रहाने जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवलं, आठ-नऊ महिने गोळ्या झाल्या. भजनी मंडळात मी तिला जवळजवळ ओढून नेलं. पहिल्या दोन वेळा ती दारातूनच परत फिरली, तिसऱ्यांदा टाळ हातात घेऊन मागच्या ओळीत बसली. झोप अजून कमीच आहे. मंडळातल्या दोघींशी तिचं अजिबात पटत नाही, आणि त्या कशा बेसूर गातात हे ती मला दर रविवारी फोनवर अर्धा तास सांगते.